आधुनिक अमेरिकन कथासाहित्यातील अव्यवस्था, परात्मता आणि मौन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कथा-कादंबऱ्या वाचू लागलेल्या मराठी वाचकांना आणि इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, ते येथे एकत्र घेतले आहेत. उत्तरांच्या ओघात काही कथानकांचे शेवट उघड झाले आहेत. या साहित्यकृतींची गोडी 'पुढे काय होते' या उत्सुकतेवर फारशी अवलंबून नाही, त्यामुळे वाचकाचे त्यात नुकसान होणार नाही.

१. अव्यवस्था, परात्मता आणि मौन यांचा विचार एकत्र का केला जातो?

विसाव्या शतकातील अमेरिकन कथासाहित्यात या तिन्ही गोष्टी एकीतून दुसरी अशा निघालेल्या दिसतात. पहिले महायुद्ध, १९२९ नंतरची महामंदी आणि पुढे दुसरे महायुद्ध यांनी लोक ज्या धारणांवर जगत होते त्याच मोडून टाकल्या. मोडलेल्या जगात माणूस आपल्याच घरात आणि गावात उपरा झाला (हीच परात्मता), आणि त्याचे म्हणणे ऐकणारे कोणी उरले नाही तेव्हा तो गप्प तरी झाला किंवा त्याचे बोलणे इतरांना विस्कळीत तरी वाटू लागले. हे युरोपातही घडले. अमेरिकेत मात्र त्याला वेगळी धार आली, कारण प्रत्येकाला आपले आयुष्य स्वतःच्या हाताने नव्याने घडवता येते, असे वचन या देशाने दिले होते. जेथे असे वचन दिलेले असते तेथे अपयशाचे खापर परिस्थितीवर फुटत नाही, ते ज्याच्या त्याच्या डोक्यावर फुटते, आणि मग ते बोलून दाखवणेही लाजिरवाणे होते.

१९५० साली डेव्हिड रीझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द लोनली क्राउड' या समाजशास्त्रीय ग्रंथात इतरांच्या पसंतीकडे डोळे लावून जगणाऱ्या नव्या मध्यमवर्गीय माणसाचे वर्णन केले. कथाकारांना हे एकटेपण त्याच्या बरेच आधी दिसले होते. शेरवुड अँडरसन यांच्या 'वाइन्सबर्ग, ओहायओ' (१९१९) या कथासंग्रहातील लहानशा गावात जवळजवळ प्रत्येकाच्या मनात काही सांगायचे साचलेले असते आणि ते कोणालाच नीट सांगता येत नाही. त्यातील विंग बिडलबॉम हा एकेकाळचा शिक्षक खोट्या आरोपामुळे आपल्या गावातून हाकलला गेलेला आहे. बोलताना त्याचे हात आपोआप हलू लागतात आणि त्याच हातांमुळे त्याचे आयुष्य उद्ध्वस्त झाले म्हणून तो ते लपवत राहतो.

हे साहित्य वाचताना 'येथे मौन आहे' एवढ्या नोंदीवर थांबू नये, असा आमचा आग्रह आहे. गप्प कोण आहे, त्याला कोणी गप्प केले आणि त्याच्या गप्प राहण्याने कोणाची सोय होते, हे विचारले की वरकरणी सारख्या वाटणाऱ्या कादंबऱ्या एकमेकींपासून फार वेगळ्या दिसू लागतात. पुढील बहुतेक उत्तरे याच विचारणेला धरून दिली आहेत.

२. या परंपरेची सुरुवात कुठून मानावी?

काटेकोर अर्थाने आधुनिक नसलेल्या एका दीर्घकथेपासून. हर्मन मेलव्हिल यांची 'बार्टलबी, द स्क्रिव्हनर' १८५३ साली 'पटनम्स' मासिकात प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील एका वकिलाच्या कचेरीत दस्तऐवजांच्या नकला करणारा हा कारकून एके दिवशी सांगितलेले काम 'मी ते न करणे पसंत करीन' एवढे म्हणून नाकारतो. तो भांडत नाही, कारण देत नाही आणि कचेरी सोडूनही जात नाही. हळूहळू तो नकला करणेही थांबवतो आणि खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहत उभा राहतो. शेवटी त्याला बाहेर काढण्याऐवजी वकीलच कचेरी दुसरीकडे हलवतो. बार्टलबी तुरुंगात जातो, अन्न घेत नाही आणि तेथेच मरतो.

कथा सांगतो तो वकील, बार्टलबी नव्हे, ही यातील सर्वांत महत्त्वाची बाब होय. कनवाळू, सुस्वभावी आणि आपल्या सोयीला जपणाऱ्या या माणसाला एका माणसाच्या मौनाचा अर्थ लावायचा आहे, म्हणजे खरे तर त्याला आपले मन शांत करून घ्यायचे आहे. बार्टलबी पूर्वी वॉशिंग्टनच्या टपाल खात्यात बेवारस पत्रांच्या विभागात होता, अशी एक ऐकीव बातमी तो शेवटी सांगतो आणि तिच्यात सगळे उत्तर सापडल्यासारखा सुस्कारा टाकतो. वाचकाने त्या उत्तरावर समाधान मानू नये. नकार देणारा आणि त्या नकाराचे स्पष्टीकरण देणारा यांतील हे अंतर पुढच्या शतकातील कादंबरीला वारसा म्हणून मिळाले.

३. फॉकनर यांची 'द साउंड अँड द फ्यूरी' इतकी विस्कळीत का आहे? ती मुद्दाम अवघड केली आहे का?

अवघड आहे, पण विस्कळीत नाही. ज्याला आपण अव्यवस्था म्हणतो ती येथे अत्यंत काटेकोरपणे रचलेली आहे.

१९२९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचे चार भाग आहेत आणि त्यांची शीर्षके तारखांची आहेत : ७ एप्रिल १९२८, २ जून १९१०, ६ एप्रिल १९२८ आणि ८ एप्रिल १९२८. मिसिसिपी राज्यातील कॉम्पसन हे एकेकाळचे प्रतिष्ठित घराणे लयाला जात आहे. पहिला भाग बेंजीच्या मनातून येतो. तो ३३ वर्षांचा आहे, त्याला बोलता येत नाही आणि त्याच्या मनात 'तेव्हा' आणि 'आत्ता' यांच्यात भिंत नाही. कुंपणातून जाताना कपडा खिळ्याला अडकतो आणि त्याच क्षणी, लहानपणी असाच अडकला असताना बहीण कॅडीने सोडवले होते, तो प्रसंग सुरू होतो. शेजारच्या मैदानावर गोल्फ खेळणारे लोक आपल्या 'कॅडी'ला, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या पोऱ्याला हाक मारतात आणि बेंजी हंबरडा फोडतो, कारण त्याची कॅडी घर सोडून गेलेली आहे. ते मैदान पूर्वी त्याच्याच घरची कुरणजमीन होती आणि भाऊ क्वेंटिनच्या हार्वर्डमधील शिक्षणासाठी ती विकली गेली. ही सगळी माहिती वाचकाला तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि तो ती जुळवू लागतो तेव्हा बेंजीच्या दुःखाचा आकार त्याच्या ध्यानात येतो. हेच क्रमवार सांगितले असते तर ती केवळ एका घराण्याच्या अधोगतीची हकिकत झाली असती. वेगवेगळे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावेत अशी फॉकनर यांची इच्छा होती. तशी आवृत्ती २०१२ साली लंडनच्या फोलिओ सोसायटीने काढली.

आता 'गप्प कोण' हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर बेंजी असे वाटते, पण त्याला तर पूर्ण एक भाग मिळाला आहे. कादंबरीचे केंद्र कॅडी आहे. तिन्ही भावांचे भाग तिच्याभोवतीच फिरतात आणि तिला स्वतःचा भाग मात्र नाही. चौथा भाग कृष्णवर्णीय स्वयंपाकीण डिल्सी हिच्या सोबतीने जातो. सबंध घर तीच सावरून धरते, तरी कथन तिच्या तोंडून नसून लेखकाकडून होते. कॅडीचे मौन फॉकनर यांनी समजून-उमजून रचले आहे. डिल्सीचे मौन त्यांच्या काळाने आणि त्यांच्या वर्णाने त्यांच्याकडून रचून घेतले असावे, असे आम्हांला वाटते, आणि त्यांची थोरवी पूर्ण मान्य करूनही हे म्हणायला हवे.

कादंबरीच्या शेवटी बेंजीची घोडागाडी चौकातील पुतळ्याला नेहमीच्या बाजूने वळसा न घालता उलट बाजूने जाते आणि तो किंचाळू लागतो. गाडी नेहमीच्या बाजूला वळवताच त्याला सगळे पुन्हा जागच्या जागी दिसू लागते आणि तो शांत होतो. कुटुंब मोडले, जमीन गेली, एका भावाने आत्महत्या केली, आणि व्यवस्था म्हणून हाती उरले ते गाडी कोणत्या बाजूने जाते एवढेच. अमेरिकन दक्षिणेच्या 'जुन्या मर्यादेवर' याहून कठोर भाष्य सापडणे कठीण आहे.

४. हेमिंग्वे जे सांगतच नाहीत, ते वाचकाला कळावे कसे?

१९३२ च्या 'डेथ इन द आफ्टरनून' या पुस्तकात हेमिंग्वे यांनी हिमनगाचे उदाहरण दिले आहे : त्याचा एक अष्टमांश भागच पाण्यावर असतो. लेखकाला जे पक्के ठाऊक आहे ते त्याने गाळले तरी वाचकाला त्याचा भार जाणवतो, आणि जे ठाऊकच नाही म्हणून गाळले जाते तेथे लिखाणात नुसती पोकळी राहते, असे त्यांचे म्हणणे होते.

'बिग टू-हार्टेड रिव्हर' (१९२५) ही कथा या दृष्टीने अवश्य वाचावी. निक अ‍ॅडम्स हा तरुण मिशिगनमध्ये एकटाच मासेमारीला जातो. तो तंबू ठोकतो, कॉफी करतो, गळाला टोळ लावतो. प्रत्येक कृती अगदी सावकाश आणि क्रमाने सांगितली आहे. युद्धाचा उल्लेख एकदाही येत नाही. तरीही जळून गेलेले सीनी हे गाव, राखेत राहून काळे पडलेले टोळ आणि दलदलीच्या भागात आज मासे धरायला जायचे नाही हा निकचा निर्णय यांतून कळते की हा मुलगा आपले मन फुटू नये म्हणून हातांना काम देत आहे. हेमिंग्वे स्वतः जुलै १९१८ मध्ये, एकोणीस वर्षांचे होण्याआधीच, इटलीच्या आघाडीवर जबर जखमी झाले होते. येथे मौन जखमी माणसाचे आहे आणि ते त्याने स्वतः पत्करले आहे. व्यवस्थाही त्यानेच तंबूच्या खुंट्यांपासून उभी केली आहे.

'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' (१९२७) या कथेत मात्र चित्र उलटे होते. स्पेनमधील एका रेल्वे स्थानकावर एक पुरुष आपल्या सोबतच्या तरुणीला गर्भपातासाठी राजी करतो आहे, पण तो शब्द कुणीच उच्चारत नाही. तो बोलतो आहे, समजावतो आहे, तिला हवे तेच करू असे म्हणतो आहे, आणि शेवटी ती त्याला बोलणे थांबवण्याची विनवणी करते. न उच्चारलेला शब्द येथे पुरुषाच्या सोयीचा आहे. एकाच लेखकाच्या दोन कथांत मौनाची जबाबदारी अशी पूर्णपणे बदलते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच धागा कर्ट व्हॉनेगट यांनी वेगळ्या रीतीने उचलला. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन शहरावर बाँबफेक झाली तेव्हा ते तेथे युद्धकैदी होते. त्यावरची त्यांची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' ही कादंबरी १९६९ मध्ये आली. कत्तलीविषयी शहाणपणाचे काही बोलणे शक्य नसते, असे ते पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतात. म्हणून त्यांचा नायक बिली पिल्ग्रिम काळाच्या क्रमातूनच निखळतो आणि कादंबरी एका पाखराच्या अर्थहीन आवाजावर संपते.

५. रेमंड कार्व्हर यांच्या कथांतील मौन त्यांचे स्वतःचे की त्यांच्या संपादकाचे?

हा प्रश्न विचारला जातो आणि विचारायलाच हवा. कार्व्हर (१९३८–१९८८) यांनी नोकऱ्या जाणारे, दारूत बुडालेले, संसार मोडत असलेले कष्टकरी आणि निम्नमध्यमवर्गीय लोक लिहिले. त्यांच्या 'व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह' (१९८१) या संग्रहाने तुटक, कोरड्या, अर्ध्यावर थांबणाऱ्या कथेची एक लाटच आणली. परंतु गॉर्डन लिश या संपादकांनी हस्तलिखितातील निम्म्याहून अधिक मजकूर कापला होता, आणि जुलै १९८० मध्ये कार्व्हर यांनी त्यांना पत्र लिहून हे पुस्तक थांबवण्याची कळवळून विनंती केली होती. पुस्तक तसेच निघाले. मूळ हस्तलिखित 'बिगिनर्स' या नावाने २००९ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी प्रसिद्ध झाले.

'द बाथ' आणि 'अ स्मॉल, गुड थिंग' ही एकाच कथेची दोन रूपे शेजारी ठेवून वाचावीत. वाढदिवसाच्या दिवशी एका लहान मुलाला मोटार धडकते आणि तो शुद्धीवर येत नाही. त्याच्यासाठी सांगितलेला केक न्यायला कोणी आले नाही म्हणून बेकरीवाला घरी फोन करत राहतो. कापलेल्या रूपात आई थोडा वेळ घरी येते, फोन वाजतो, आणि कथा तेथेच संपते. मूल जगते की मरते हे कळत नाही, फोन करणाऱ्याच्या आवाजात केवळ धमकी ऐकू येते. पूर्ण रूपात मूल मरते, संतापलेले आईवडील रात्री बेकरीत जाऊन पोहोचतात, आणि सगळे कळल्यावर तो एकाकी, अपत्यहीन बेकरीवाला त्यांची क्षमा मागतो, त्यांना बसवतो, गरम पाव खाऊ घालतो आणि तिघेही पहाटेपर्यंत बोलत राहतात.

पहिली कथा अंगावर काटा आणते, हे कबूल. तिचे चाहते पुष्कळ आहेत आणि लिश यांच्या कात्रीला कलादृष्टी होती यातही शंका नाही. तरी आमचा कौल दुसरीकडे आहे. ज्या लेखकाने आपल्या माणसांना एकमेकांशी बोलू दिले होते, त्याला मौनाचा पुरस्कर्ता म्हणून प्रसिद्धी मिळाली. दशकभर असंख्य नवोदितांनी ज्या शैलीचे अनुकरण केले, ती बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या कात्रीने घडवलेली होती.

६. कृष्णवर्णीय लेखकांच्या कादंबऱ्यांतील परात्मता गोऱ्या नायकांच्या परात्मतेसारखीच असते का?

नाही, आणि हा फरक पुसला गेला तर या विषयातील अर्धेअधिक सत्य हातून जाते. निक अ‍ॅडम्स गप्प राहणे निवडू शकतो. ज्यांच्या पूर्वजांना लिहायला-वाचायला शिकवणे दक्षिणेतील अनेक राज्यांत कायद्याने गुन्हा होता, त्यांच्या बाबतीत मौन हा आधी इतिहास असतो, शैलीचा विचार त्यानंतर येतो.

राल्फ एलिसन यांच्या 'इनव्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीच्या निवेदकाला नाव नाही. तो न्यूयॉर्कमधील एका तळघरात राहतो, वीज कंपनीची वीज चोरून १,३६९ दिवे पेटवतो आणि आपण अदृश्य का झालो हे सांगतो : लोक आपल्याकडे पाहतात तेव्हा त्यांना त्यांच्याच कल्पना दिसतात, आपण दिसत नाही. दक्षिणेतील महाविद्यालयाचा कृष्णवर्णीय प्रमुख, उत्तरेतील उदार श्रीमंत, पुढे क्रांतीची भाषा बोलणारी 'ब्रदरहूड' ही संघटना, या प्रत्येकाला तो हवा आहे, पण त्यांनी लिहून दिलेले बोलण्यापुरताच. हा निवेदक मुका नाही, उलट तो उत्तम वक्ता आहे, आणि त्याचे दुःख असे की त्याच्या तोंडून सतत दुसरेच कोणीतरी बोलते. म्हणून कादंबरीच्या शेवटी तो आपल्या स्वतःच्या आवाजाने, आपण कदाचित तुमच्याही वतीने बोलत असू, असे वाचकाला विचारतो तेव्हा ते वाक्य प्रचंड मोलाचे ठरते. या कादंबरीला १९५३ चे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले.

टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' (१९८७) याहून खोल जाते. १८५६ साली मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीतून गोठलेली ओहायओ नदी ओलांडून कुटुंबासह सिनसिनाटीला पळाली आणि पकडणारे दाराशी आल्यावर, मुलीला पुन्हा गुलामगिरीत जाऊ द्यायचे नाही म्हणून तिने तिला मारून टाकले. त्या काळच्या वृत्तपत्रांनी आणि न्यायालयाने या घटनेवर पुष्कळ शब्द खर्च केले. गार्नरच्या मनात काय होते ते मात्र त्या शब्दांत नव्हते, आणि मॉरिसन यांनी सेथ ही नायिका त्या रिकाम्या जागी उभी केली. कादंबरीतील पॉल डी याच्या तोंडात शिक्षा म्हणून लोखंडी लगाम घातला गेला होता. मौन लादणे म्हणजे काय, हे येथे रूपक म्हणून येत नाही, ते जिभेवर दाबलेले लोखंड असते. सेथची मुलगी डेन्व्हर हिला एक शाळासोबती आईविषयी प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर ऐकावे लागू नये म्हणून जणू तिचे कानच दोन वर्षे बंद होतात.

या कादंबरीतील अव्यवस्थाही निराळी आहे. काळ मागेपुढे होतो, एका टप्प्यावर घरातील तीन स्त्रियांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि एका प्रकरणात विरामचिन्हेच नाहीशी होऊन वाक्यांमध्ये मोकळ्या जागा राहतात. गुलामांच्या जहाजातील मृतांची आठवण कोणाही एका व्यक्तीची नसते, म्हणून तिला एका व्यक्तीचे व्याकरण पुरत नाही. फॉकनर यांच्याकडे एका मनाची पडझड आहे. मॉरिसन यांच्याकडे सामूहिक स्मृती उजेडात येण्याची धडपड आहे. फॉकनर आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्यावर मॉरिसन यांनी कॉर्नेल विद्यापीठात आपला प्रबंध लिहिला होता, हे लक्षात घेतले तर डिल्सीला न मिळालेला आवाज पुढे कोठे मिळाला याचा माग लागतो.

७. घरातच लादलेल्या मौनाविषयी कोणी लिहिले आहे?

मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांचे 'द वूमन वॉरियर' (१९७६) हे पुस्तक यासाठी वाचावे. त्याला पुरस्कार ललितेतर साहित्याचा मिळाला असला तरी त्यात आठवण, दंतकथा आणि कल्पित यांची सरमिसळ आहे. कॅलिफोर्नियातील चिनी स्थलांतरित कुटुंबात वाढणाऱ्या मुलीला आई एक गोष्ट सांगते आणि ती कोणालाही सांगू नकोस असे बजावते : चीनमधील एका आत्याने विहिरीत जीव दिला आणि कुटुंबाने तिचे नावच पुसून टाकले. पुस्तकाची सुरुवातच ही आज्ञा मोडण्यापासून होते. पुढे ही मुलगी शाळेतील आपल्याहूनही गप्प अशा एका मुलीला बोलते करण्यासाठी छळते, तो प्रसंग वाचताना त्रास होतो आणि तो व्हावा असाच लिहिला आहे. ज्यांना गप्प केले जाते ते इतरांच्या मौनाशी किती निष्ठुर होऊ शकतात, हे इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच लिहिले गेले असेल.

८. पात्र खरोखरच न बोलणारे असेल तर?

कार्सन मॅकलर्स यांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या 'द हार्ट इज अ लोनली हंटर' (१९४०) या कादंबरीत जॉन सिंगर हा ऐकू-बोलू न शकणारा माणूस आहे. गावातील चार एकाकी माणसे त्याच्याकडे येऊन मन मोकळे करतात आणि त्याला सगळे समजते असे मानतात. सिंगरला स्वतःला मात्र ज्याच्याशी बोलायचे असते तो मित्र दूरच्या मनोरुग्णालयात आहे आणि त्याला तरी किती कळते याची खात्री नाही. तो मित्र वारल्यावर सिंगर आत्महत्या करतो. त्याला काही सांगायचे असेल, हे त्या चौघांपैकी कोणाच्याही मनात आलेले नसते.

९. 'एन्ट्रॉपी'चा साहित्याशी काय संबंध? आणि गोंगाटाला मौन म्हणता येईल का?

उष्णतागतिकीत एन्ट्रॉपी हे अव्यवस्थेचे माप मानले जाते. बंदिस्त व्यवस्थेत ती वाढत जाते आणि सगळीकडे तापमान सारखे झाले की कोणतेही कार्य होऊ शकत नाही. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी हीच संज्ञा संदेशवहनाच्या सिद्धांतात आणली. अभियांत्रिकी भौतिकी शिकू लागून पुढे साहित्याकडे वळलेल्या थॉमस पिंचन यांनी १९६० मध्ये 'एन्ट्रॉपी' ही कथा लिहिली, आणि आमच्या तिन्ही विषयांचे इतके नेटके एकत्रीकरण दुसरीकडे सापडत नाही.

स्थळ वॉशिंग्टन, काळ फेब्रुवारी १९५७. खालच्या मजल्यावर मीटबॉल मलिगन याच्याकडे चाळीस तास चाललेली मेजवानी हाताबाहेर गेली आहे. वरच्या मजल्यावर कॅलिस्टो नावाच्या प्रौढ माणसाने आपले घर बंदिस्त काचघरासारखे केले आहे आणि तो एका आजारी पाखराला छातीशी धरून ऊब देतो आहे. बाहेरचे तापमान तीन दिवस ३७ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ३ अंश सेल्सिअसवर अडकलेले आहे आणि कॅलिस्टोला त्यात विश्वाचा अंत दिसतो. खाली वादकांची एक चौकडी वाद्यांशिवाय, केवळ मनात सूर कल्पून, पूर्ण शांततेत 'वादन' करते. शेवटी पाखरू मरते आणि कॅलिस्टोची सोबतीण ओबाद उघड्या हातांनी खिडकीची काच फोडते. मलिगनपुढे दोन मार्ग असतात : कपाटात दडून बसायचे, किंवा एकेका पाहुण्याला शांत करून घर आवरायचे. तो दुसरा मार्ग घेतो. पिंचन यांनी स्वतः पुढे १९८४ मध्ये या कथेवर कठोर टीका केली, तिच्यात कल्पना आधी आणि माणसे नंतर आली असे त्यांना वाटले. तो दोष मान्य करूनही मलिगनचा निर्णय आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अव्यवस्थेवर या कथेत जो एकमेव उपाय चालतो तो इतरांच्या जवळ जाण्याचा आहे.

गोंगाटाबद्दल : होय. डॉन डिलिलो यांच्या 'व्हाइट नॉइज' (१९८५) मधील घरात दूरचित्रवाणी, जाहिराती आणि अर्धवट माहिती यांचा आवाज अखंड चालू असतो, आणि नवरा-बायको दोघेही मृत्यूची भीती एकमेकांपासून लपवत असतात. शेवटी सुपरमार्केटमधील मांडण्यांचा क्रम बदलला जातो आणि गिऱ्हाइके सैरभैर होतात. बेंजीच्या घोडागाडीशी त्याची तुलना करून पाहावी.

१०. लेखकांनी स्वतःच मौन धारण केले, त्याचा अर्थ काय लावावा?

सावधपणे लावावा. जे. डी. सॅलिंजर यांची शेवटची कथा 'न्यूयॉर्कर'मध्ये जून १९६५ मध्ये आली. त्यानंतर २०१० मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी काहीही प्रसिद्ध केले नाही. पिंचन छायाचित्रे आणि मुलाखती टाळतात, पण कादंबऱ्या प्रसिद्ध करत राहिले. एलिसन यांची दुसरी कादंबरी त्यांच्या हयातीत पूर्ण झालीच नाही. १९६७ मधील आगीत हस्तलिखिताचा काही भाग जळाला आणि त्यानंतर त्यांनी हजारो पाने लिहिली. सॅलिंजर यांचे मौन प्रसिद्धीला दिलेला नकार होता, पिंचन यांनी केवळ चेहरा झाकला, आणि एलिसन तर कधी गप्प बसलेच नाहीत. तिघांना एकाच 'गूढ लेखक' या खणात टाकणे वृत्तपत्रांच्या सोयीचे आहे, वाचकाच्या नव्हे.

११. 'कोसला' आणि 'द कॅचर इन द राय' यांची तुलना कितपत योग्य आहे?

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ची (१९६३) सॅलिंजर यांच्या १९५१ च्या कादंबरीशी तुलना मराठीत फार पूर्वीपासून होत आली आहे. बोलभाषेतील प्रथमपुरुषी निवेदन, शिक्षणसंस्थांतील ढोंगाचा तिटकारा आणि भावंडाचा मृत्यू या गोष्टी दोन्हीकडे आहेत. यांतील तिसरी बाब सर्वांत कमी चर्चिली जाते आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची आहे : सॅलिंजर यांचा नायक होल्डन याला धाकटा भाऊ अ‍ॅली याचे आणि पांडुरंग सांगवीकरला धाकटी बहीण मनी हिचे मरण पचवता येत नाही, आणि दोघांचेही अखंड बोलणे त्या एका न बोलता येणाऱ्या गोष्टीभोवती फिरते.

फरक परात्मतेच्या जातीत आहे. होल्डनला परतायला घर आहे, पण तेथे त्याची वाट पाहणारी मोठी माणसे जवळजवळ अदृश्य आहेत, आणि तो आपली हकिकत एका आरोग्यकेंद्रातून सांगतो. पांडुरंगला वडील, गाव, भाऊबंदकी यांतून सुटताच येत नाही, त्याचा उपरेपणा भरल्या घरातला आहे. सॅलिंजर यांचे युद्धही विसरू नये : जून १९४४ मध्ये ते नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले होते आणि १९४५ मध्ये युद्धाच्या मानसिक आघातामुळे रुग्णालयात होते. त्यांच्या कादंबरीत युद्ध जवळजवळ नाही, आणि ते का नाही याचे उत्तर चौथ्या प्रश्नात आलेल्या निक अ‍ॅडम्सच्या आसपास शोधता येईल.

१२. वाचनाची सुरुवात कोठून करावी?

हेमिंग्वे यांच्या वर आलेल्या दोन कथांपासून. पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळे हेमिंग्वे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत, पण त्यांचे मौन समजून घेण्यासाठी या लहान कथा अधिक उपयोगी पडतात. त्यानंतर 'बार्टलबी', मग कार्व्हर यांच्या कथेची दोन्ही रूपे एकाच बैठकीत. कादंबऱ्यांत 'इनव्हिजिबल मॅन' आधी घ्यावी, कारण ती दीर्घ असली तरी निवेदक वाचकाचा हात सोडत नाही. 'द साउंड अँड द फ्यूरी'चा पहिला भाग प्रथम वाचताना न समजल्यास थांबू नये, पुढे जावे, आणि चारही भाग संपल्यावर पुन्हा त्या पहिल्या भागाकडे यावे. मार्गदर्शिका वाचून मग कादंबरी उघडण्याची सवय विद्यार्थ्यांमध्ये फार आहे. निदान या एका पुस्तकाच्या बाबतीत ती टाळावी. 'बिलव्हेड' फॉकनर यांच्यानंतर वाचली तर दोन्ही पुस्तके एकमेकांना उत्तरे देताना दिसतात. पिंचन यांच्यासाठी 'द क्राइंग ऑफ लॉट ४९' (१९६६) ही छोटी कादंबरी पुरेशी आहे. त्यांची 'ग्रॅव्हिटीज रेनबो' (१९७३) मात्र हाताशी दोन-तीन निवांत महिने असतील तेव्हाच उघडावी.